चौदा नंबरची पोवळी

जाफराबादला समुद्र नाही, हे मला आजवर निदान चाळीस माणसांनी सांगितलंय. जसं काही मला ते माहीतच नव्हतं. आमच्याकडं पूर्णा आहे, तीही वर्षातले काही महिने, आणि उरलेले महिने टँकर. तरीसुद्धा दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात आम्ही अकरा बायका रोज नऊ ते पाच समुद्राच्या तळाशी होतो. तिथं जे पाहिलं ते मी कुणाच्या सांगण्यावरून बदलणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी नम्र बाई आहे असा कुणाचा गैरसमज नको.

माझं नाव शिवकन्या. वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्नानंतर बियाण्यांच्या प्लॉटवर मुकादम झाले. आमच्या भागात बायकांचं मोठं काम म्हणजे क्रॉसिंग. कपाशीची कळी आदल्या संध्याकाळी नखानं सोलायची, तिच्यातला नर भाग काढायचा आणि वर लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या सकाळी ऊन चढायच्या आत दुसऱ्या वाणाच्या फुलाचे परागकण तिच्या मधल्या काडीला लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. दर बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा असतो. पुढं बोंडात भेसळ निघाली तर ती कुणाच्या हातची, ते दोऱ्यावरून कळतं आणि सगळ्या प्लॉटसमोर त्या बाईचं नाव निघतं. आमच्या नंदाबाईचा दोरा हिरवा. बावीस वर्षांत तिच्या दोऱ्याखाली एक बोंड खोटं निघालं नाही, आणि हे ती स्वतः सांगते, दुसऱ्यानं सांगायची वाट बघत नाही.

केदार जालन्याचा. आई-वडील दोघं बँकेत, हा पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करून परत आलेला. त्यानं जाफराबादच्या स्टँडजवळ एका खताच्या दुकानावरची खोली घेतली, बारा कॉम्प्युटर मांडले, दोन कूलर लावले आणि फोटो ओळखायचं काम आणलं. पडद्यावर फोटो येतो, त्यातल्या वस्तूभोवती चौकट काढायची आणि बटण दाबून ती काय आहे ते सांगायचं. हजारो फोटो असे झाले की पुढं त्यावरून मशीन शिकतं. आधी त्यानं पदवीधर पोरं घेतली. ती तासाभरात जांभया द्यायला लागली आणि न बघताच बटणं दाबू लागली. मग कुणीतरी त्याला सांगितलं, की एकसारख्या हजार गोष्टी बघून त्यातली एक वेगळी काढायची असेल तर क्रॉसिंगच्या बायका घे. तो माझ्याकडं आला, आणि मी माझी टोळी घेऊन त्या खोलीत गेले.

पहिलं मोठं काम आलं ते पोवळ्यांचं. कोकणाच्या किनाऱ्याजवळ कुठलं तरी बेट होतं. नाव आम्हाला सांगितलं नव्हतं, फोटोंवर नुसते तुकड्यांचे नंबर होते. केदारला काम देणाऱ्या पुण्याच्या ऑफिसातून इंग्रजी कागद आला होता. मी तो वाचला आणि बायकांना थोडक्यात सांगितलं, की तीन बटणं आहेत: चांगलं, आजारी आणि मेलेलं. थोडक्यात सांगायची खोड मला होती, ती त्या दिवसापासून गेली.

कारण कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. पांढरं म्हणजे ताजं आणि कामाचं, गुलाबी म्हणजे वेळ गेलेली. हे आमच्या बायकांच्या डोळ्यांत इतकं मुरलंय की ते विचार करून ठरवावं लागत नाही. तर अकरा जणींनी दोन दिवसांत आठशे फोटो संपवले. जे जे पांढरंशुभ्र ते चांगलं म्हणून, आणि ज्याच्यावर गुलाबी पापुद्रा ते मेलेलं म्हणून. तपासायला मी होते. मलाही काही खटकलं नाही. उलट काय सुंदर पोवळी आहेत, अगदी वेचणीला आलेल्या कापसासारखी, असं मी केदारला म्हणालेसुद्धा.

आठशेच्या आठशे परत आले. पुण्याला ऋषी नावाचे साहेब होते, आमच्या कामाचे वरचे तपासनीस. त्यांनी केदारला लिहिलं होतं, की या बायकांना रंग तरी ओळखता येतात का, ते आधी बघा. केदार ते वाचून दाखवताना अडखळला. मी ते पूर्ण वाचायला लावलं. चूक आमची होती, आणि ती शिवीसकट ऐकली तरच पुढं सुधारते असं माझं मत आहे. पण नंदाबाईचा चेहरा उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काम परत आलं होतं. तिनं केदारला एकच विचारलं, की हे फोटो काढतं कोण, मला त्या माणसाशी बोलायचंय.

फोटो काढणारी चिन्मयी नावाची मुलगी निघाली. समुद्रजीवांचा अभ्यास केलेली, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणारी. केदारनं तिला पडद्यावर बोलावलं आणि आम्ही अकराजणी त्या एका कॉम्प्युटरभोवती गोळा झालो. नंदाबाईनं सुरुवातच केली, की पोवळं म्हणजे लाल खडा, मंगळासाठी अंगठीत घालतात तो, मग हे पांढरं कसलं पोवळं. चिन्मयी हसली नाही, म्हणून ती मला आवडली. तिनं सांगितलं, की अंगठीतलं पोवळं वेगळ्या जातीचं. उथळ पाण्यातलं हे प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो प्राणी एकमेकांना चिकटून राहतात, आणि ते खाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं त्या प्राण्याला देतं. रंगही त्या शेवाळाचाच.

"म्हंजे शेत एकाचं आन कसणारा दुसरा," नंदाबाई म्हणाली. "बटईनं लावलेलं."

बरोबर, चिन्मयी म्हणाली. आणि पाणी तापलं की ही बटई मोडते. प्राणी शेवाळाला अंगाबाहेर काढून टाकतो. मग त्याचं अंग काचेसारखं होतं आणि आतला पांढरा चुना दिसायला लागतो. तो मेलेला नसतो, उपाशी असतो. काही आठवडे तसा तग धरतो. तेवढ्यात पाणी निवलं तर शेवाळ परत येतं आणि रंगही येतो. नाही निवलं तर मरतो, आणि मेलेल्या चुन्यावर हिरवट-तपकिरी बुरा चढतो. तुम्हाला दिसला तो गुलाबी पापुद्रा म्हणजे दगडावर वाढणारं दुसरं शेवाळ, त्याचा मरणाशी संबंध नाही. उलट प्रवाळाची नवी पिल्लं त्याच्यावरच बसतात. म्हणजे आम्ही दोन्ही बाजूंनी उलटं केलं होतं.

पाणी किती तापलं, असं मोनालीनं विचारलं. ती आमच्यात सगळ्यात लहान, बाविशीची, कॉम्प्युटरवर हात बसलेला. चिन्मयी म्हणाली, नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दीड अंश. आमच्यात हशा पिकला. त्या दिवशी जाफराबादला बेचाळीस होतं आणि कूलरमध्ये पाणी नव्हतं. पण चिन्मयीनं विचारलं, की तुमच्या अंगात दीड अंश ताप चढला आणि तो सहा आठवडे उतरलाच नाही तर काय होईल. मग कुणी हसलं नाही. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, लाटा नाहीत, असे दिवस लागून आले की वरचं पाणी ढवळलं जात नाही आणि तापतच जातं, असं तिनं समजावलं. असे उन्हाळे पूर्वी दहा-बारा वर्षांनी यायचे, मधल्या काळात पोवळी सावरायची. आता हवेत इतका धूर सोडून ठेवलाय की त्यानं अडकलेली बहुतेक उष्णता समुद्र पोटात घेतो आणि सावरायला उसंत मिळत नाही. हे सांगताना तिचा आवाज चिडका झाला. मला ते बरं वाटलं. चिडण्यासारखंच होतं.

त्यानंतर आमच्या हातून चूक झाली नाही. फोटो मोठा केला की जित्या पांढऱ्यावर ओलसर चमक दिसते आणि बारीक बारीक तोंडं दिसतात. मेलेल्याची धार कोरडी, खडूसारखी, आणि कोपऱ्यात बुऱ्याची सुरुवात. फुलातली काडी परागकण घ्यायला तयार आहे की वाळलीय, हे आम्ही अशाच चमकेवरून ओळखतो. पुण्याहून चिन्मयीच्या वरच्या शास्त्रज्ञांनी शंभर फोटो उलटतपासणीला घेतले, तर नंदाबाईचे अठ्ठ्याण्णव बरोबर निघाले. उरलेल्या दोनांवर शास्त्रज्ञांचंच एकमत नव्हतं.

दर पंधरा दिवसांनी त्याच जागांचे नवे फोटो यायचे, सोबत पाण्याची उष्णता आणि वाऱ्याचा आकडा. असे साडेसहा हजार फोटो आमच्या डोळ्यांखालून गेले. चौदा नंबरच्या तुकड्यात चाळीस मोठी पोवळी होती आणि बायकांना ती तोंडपाठ झाली होती. एक भाकरीसारखं, एक फुलकोबी, एकाला हरणासारखी शिंगं. आमच्या आधीच्या, फेब्रुवारीतल्या फोटोंत सगळी रंगात होती. एप्रिलच्या शेवटी चाळीसच्या चाळीस पांढरी. नंदाबाई सकाळी आल्या आल्या विचारायची, आज तिकडं वारा हाय का? स्वतःच्या गावात वारा आहे की नाही याची तिला फिकीर नव्हती.

मेच्या मध्यावर केदार एक दिवस न सांगता आला. त्यानं सगळे कॉम्प्युटर बंद करून परत चालू केले, तर पडद्यावर दोनच बटणं. जिवंत आणि मृत. मधलं गेलेलं. ज्या कंपनीसाठी हे काम चाललंय तिला सोपा अहवाल हवाय, तो म्हणाला, आणि पांढऱ्याला मृत दाबायचं.

मी विचारलं, का. तो म्हणाला, वरून आलंय. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं खुर्ची ओढली आणि सांगितलं. कंपनीला त्या बेटाजवळ बोटींसाठी धक्का बांधायचा होता. तळ खरवडून खोल करायचा होता. जिवंत पोवळं असेल तर तिथं हात लावता येत नाही, तुकडा मेलेला ठरला तर परवानगी मिळते. चौदा नंबर बरोब्बर धक्क्याच्या वाटेवर होता.

मला आत्ताही लिहिताना राग येतो. एखाद्या आजाऱ्याची नाडी चालू आहे, आणि सरणाचं लाकूड आधीच विकत घेतलंय म्हणून त्याला मेलेला म्हणायचं. आणि ते म्हणायचं कुणी, तर आम्ही. शेवटी कागदावर बोट आमचं, त्यांचं नाही. दर खेपेच्या फाईलखाली ज्या बायकांनी काम केलं त्यांची नावं जात होती.

मी बायकांसमोर सगळं मांडलं. नियमाप्रमाणे पांढऱ्याला मृत दाबलं तर काम चालू राहील. नाही दाबलं तर बहुतेक जाईल. कुणावर जबरदस्ती नाही. मग नंदाबाईनं तिच्या पडद्यावर चौदा नंबर उघडला, भाकरीसारख्या पोवळ्याभोवती चौकट काढली आणि जिवंत दाबलं. पुढचंही. तिसरंही. दुपारपर्यंत खोलीतल्या प्रत्येक पडद्यावर तेच चाललं होतं. जे खरंच मेलेलं होतं त्याला मृत, पण पांढरं आणि जितं असेल त्याला जिवंत. चौदा नंबरची चाळीसही जिवंत म्हणून नोंदली गेली, आणि ती नोंद तिकडं पुण्याला दिसत होती.

चार वाजता ऋषीसाहेब पडद्यावर आले. उंटावरून शेळ्या हाकायची सवय असलेल्या माणसाचा आवाज मला लगेच ओळखू येतो. सूचना इतकी साधी असताना चुकली कशी, असं त्यांनी विचारलं. चुकली नाही, मी म्हणाले, मुद्दाम केलंय, ती पोवळी जिवंत आहेत. त्यावर त्यांनी ते आठशे फोटो काढले. पहिल्याच खेपेला सगळं काम चुकवणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये, असं ते म्हणाले. मी म्हणाले, चुकलो होतो, म्हणून तर शिकलो, आणि आता पांढरं म्हणजे काय ते आम्हाला तुमच्यापेक्षा बरं कळतं. तेव्हा त्यांनी हसून विचारलं, "तुमच्यापैकी कुणी समुद्र तरी पाहिलाय का?"

माझ्या मागून नंदाबाई पुढं आली. "न्हाई बघितला. तुम्ही चौदा नंबरचं एक तरी पोवळं मोठं करून बघितलं का?"

साहेबांची नजर पडद्यावरून बाजूला गेली. बघितलं नव्हतं, हे आम्हाला कळलं आणि आम्हाला कळलंय हे त्यांनाही कळलं. मग ते आमच्याशी बोललेच नाहीत. केदारला म्हणाले, की पाच वाजेपर्यंत तूच सगळे बदल आणि फाईल पाठव.

केदार कॉम्प्युटरसमोर बसला. एका ओळीची आज्ञा लिहिली की सगळे पांढरे एकदम मृत होतात, त्याला दोन मिनिटंही लागली नसती. तो वाईट मुलगा नाही. त्यानं खोलीचं भाडं, कॉम्प्युटर, सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं, आणि दुसरं काम हातात नव्हतं. ताई, मला समजून घ्या, असं तो दोनदा म्हणाला. मी समजून घेत होते. पण समजून घेणं आणि सोडून देणं यात फरक आहे.

"बदलायचं तर बदल," मी म्हणाले. "पण मंग खालची आमची अकरा नावं काढ आन तुझं एकट्याचं टाक. जित्याला मेल्याची चिठ्ठी बांधायचीच असंल तर ती तुझ्या दोऱ्यानं बांध."

त्यानं खरंच आमची नावं काढली. एकेक करून. मग त्या रिकाम्या जागी स्वतःचं नाव टाइप केलं आणि बघत बसला. पाचला दहा मिनिटं असताना त्यानं स्वतःचं नाव पुसलं, आमची अकराही परत लिहिली, शिवकन्यापासून मोनालीपर्यंत, आणि फाईल होती तशी पाठवून दिली. नंतर तो बाहेरच्या जिन्यात जाऊन उभा राहिला.

काम आठवड्यात गेलं. आता इथं गोष्ट गोड करून सांगायला मला आवडलं असतं, पण मोनाली माझ्यावर फार चिडली. घराबाहेर खुर्चीवर बसून करायचं, स्वतःच्या नावाचं ते तिचं पहिलं काम होतं. त्याच्या जोरावर तिनं घरच्यांना लग्न पुढं ढकलायला लावलं होतं. तुमचं काय जातंय, असं ती मला सगळ्यांसमोर म्हणाली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्रीपासून पुष्कळ दिवस शंकाही वाटली. चाळीस पोवळी जर जूनमध्ये मेलीच, तर आम्ही कशासाठी भांडलो?

पावसाळ्यात समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, तेव्हा फोटो काढता येत नाहीत. आम्हाला काहीच कळायला मार्ग नव्हता. नंदाबाई, मी आणि बाकीच्या परत क्रॉसिंगला लागलो. आधी कपाशी, मग देऊळगाव राजाकडच्या शेडनेटमधली मिरची. मोनालीही आली, पण दुसऱ्या टोळीत.

दिवाळीच्या तोंडावर चिन्मयीचा फोन आला. कंपनीनं ते फोटो दुसरीकडून दोन बटणांवर करून घेतले होते. अहवालात चौदा नंबर संपूर्ण मृत असं छापलं होतं आणि धक्क्यासाठी जनसुनावणी लागली होती. चिन्मयीचं कंत्राट संपलेलं, पण ती गेल्या आठवड्यात एका मच्छीमाराच्या होडीतून स्वतःच गेली होती आणि पाणी निवळल्यावर चाळीसही पोवळ्यांचे फोटो काढून आली होती. ती म्हणाली, मी काय दिसलं ते सांगत नाही, आधी तुम्ही बघा.

जेवणाच्या सुट्टीत शेडनेटच्या बाहेर बांधावर बसून आम्ही माझ्या फोनवर ते बघायला लागलो. माझ्या फोनचा पडदा फुटका. तेवढ्यात मोनाली तिच्या टोळीतून उठून आली, स्वतःचा फोन पुढं केला आणि वहीच्या पानावर तीन रकाने आखले: जिवंत, आजारी, मृत. भाकरी तपकिरी झाली होती. फुलकोबीच्या निम्म्या अंगावर रंग. हरणाची शिंगं बुऱ्यानं काळी पडलेली, पूर्ण मेलेली. त्यावर नंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही. शेवटी मोनालीनं बेरीज केली. तेवीस जिवंत, सतरा मृत, मधल्या रकान्यात काही नाही. ती बेरीज तिनं दोनदा केली आणि मग पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं.

आम्ही हरकत पाठवली. ज्यांना येणं शक्य नाही त्यांना पडद्यावरून बोलता येणार होतं. सुनावणी सकाळी अकराची, म्हणजे मिरचीच्या ऐन क्रॉसिंगची वेळ. फुलं आमच्यासाठी थांबत नाहीत, त्यामुळं त्या दिवसाचं काम सोडूनच जावं लागलं. पाच जणी गेलो, मोनालीही. केदारनं खताच्या दुकानावरची ती खोली अजून सोडली नव्हती. खुर्च्या विकल्या होत्या. आम्ही सतरंजीवर बसलो आणि त्यानं स्वतःचा लॅपटॉप एका खोक्यावर ठेवला.

दीड तासानं आमचा नंबर आला. समितीच्या प्रमुख बाई होत्या, चष्मा लावलेल्या, थकलेल्या. त्यांच्या शेजारी एक कारकून टाइप करत होता आणि तो जे टाइप करेल ते आम्हाला पडद्याच्या एका बाजूला दिसत होतं. मी तयारी करून गेले होते. मे महिन्याचे फोटो, आत्ताचे फोटो, पाण्याची उष्णता कोणत्या आठवड्यात उतरली तो आकडा, सगळं मांडलं. शेवटी म्हणाले, की अहवालात मे महिन्यात मेलेली दाखवलेली तेवीस पोवळी आज जिवंत आहेत, आणि मेलेलं परत जिवंत होत नाही, तेव्हा अहवाल खोटा आहे.

कंपनीचे वकील उठले. फोटोंबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की हरकत घेणाऱ्या बायका राहतात कुठं. जालना जिल्हा, मी म्हणाले. त्या मच्छीमार आहेत का, तिथल्या रहिवासी आहेत का, तिथं त्यांची जमीन आहे का? नाही, नाही, नाही. मग नियमाप्रमाणे ज्याचा प्रकल्पाशी काही संबंध नाही त्याची हरकत दफ्तरी दाखल करून बाजूला ठेवावी, ते म्हणाले आणि बसले. प्रमुख बाईंनी कागद चाळला आणि मान हलवली. कारकुनानं टाइप केलं. संबंध, पुढं आडवी रेघ, आणि पुढं नाही. मग त्यानं हरकतदाराचं नाव विचारलं.

मी सगळ्याची तयारी केली होती, ह्याची नव्हती. नंदाबाईनं मला विचारलं, काय लिव्हलं त्यानं? मी वाचून दाखवलं. तिनं पदर खोचला आणि लॅपटॉपच्या इतकी जवळ गेली की तिकडं त्यांना नुसता तिचा चेहराच दिसत असणार.

"नाव सांगते, पण आधी ते खोडा. संबंध न्हाई कसा? मे महिन्यात ती चाळीस पोवळी जिती हायेत म्हणून मी लिव्हलं. माझं काम त्याच्यापायी गेलं. ह्या पोरीचं बी गेलं. तेवीस जिती निघाली, सतरा मेली. मेलेली बी सांगून राह्यले मी, लपवून न्हाई राह्यले. तुमच्या अहवालवाल्यांनी मेलं लिव्हलं, त्यांचा संबंध हाय म्हंता. मंग जिनं जितं लिव्हलं, तिचा काहून न्हाई?"

वकील पुन्हा उठायला लागले. प्रमुख बाईंनी हातानंच त्यांना बसवलं. त्यांनी चष्मा काढला, आणि नंदाबाईकडं, म्हणजे तिकडच्या पडद्यावर जे काही दिसत होतं त्याकडं, पाहिलं. मग कारकुनाकडं वळून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. आम्ही सगळ्या पडद्याच्या कडेला असलेल्या त्या ओळीकडं बघत होतो. ‘नाही’ हा शब्द पुसला गेला. त्या जागी एकेक शब्द येऊ लागला आणि मी तो मोठ्यानं वाचत गेले: हे प्रवाळ जिवंत असल्याची नोंद यांनी स्वतः केली.

खाली आणखी एक ओळ आली, की चौदा नंबरची मोजणी तीन रकान्यांत पुन्हा व्हावी आणि तोवर तळाला हात लावू नये. नंदाबाईनं मला दोन्ही ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग ती ताठ बसली.

"आता लिव्हा. नंदाबाई मच्छिंद्र फदाट, राहणार टेंभुर्णी, तालुका जाफराबाद."

कारकुनानं लिहिलं आणि पुढची हरकत घ्यायला पान उलटलं. तेवढ्यात माझ्या मागून मोनाली उठली आणि नंदाबाईला थोडं बाजूला सारून लॅपटॉपसमोर बसली.

"थांबा," ती म्हणाली. "माझं बी नाव लिव्हा. संबंध तोच."